ब्रेक पाईपचे जाहीर आभार

मासेमारीबंदी लागायला आठवडाही उरला नव्हता. वेसाव्याच्या बंदरावरून मासळी भरून निघालेला कृणालचा टेम्पो बाजाराच्या उतारावर थांबला नाही. डावीकडच्या ओट्याला घासत तो खाली आला आणि रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेल्या सखुबाईला धडकून उभा राहिला. हौद्यातले बोंबलाचे क्रेट रस्त्यावर सांडले. सखुबाईचा खुबा मोडला.

ब्रेकचं पेडल तळापर्यंत गेलं, गाडीने धरलंच नाही, असं कृणालने पोलिसांना सांगितलं. जबाब लिहून घेणारा हवालदार मान वर न करता म्हणाला, "अपघात झाला की सगळ्यांचंच पेडल खाली जातं."

आरटीओचे निरीक्षक दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात येऊन टेम्पो बघून गेले. त्यांच्या अहवालात कामाची दोन वाक्यं होती. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाईप गंजून फुटला आहे. वाहनाच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाले आहे. पहिल्या वाक्याने कृणाल खरा ठरत होता, दुसऱ्याने दोषी. हयगयीने गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला.

कोळीवाड्याला दुसरं वाक्य लगेच पटलं. खाऱ्या पाण्यातून आलेली वस्तू संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, हे तिथे कोणी कोणाला शिकवत नाही. होडीचं इंजिन, नांगर, वजनकाटा, टेम्पो, सगळं धुतलं जातं. ज्याच्या वस्तूला गंज चढतो तो आळशी, एवढा साधा हिशेब. सखुबाईला इस्पितळातून घरी आणलं तेव्हा कृणाल भेटायला गेला. ती पलंगावर होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. सुनेला म्हणाली, "त्याला विचार गो, लोखंडाला गोडं पानी कवा दाखवलेलं ते."

कृणाल उंबऱ्यावरूनच परत आला.

टेम्पो पोलिसांकडून सोडवून आणता आला असता. कागदपत्रं तयार होती. तो गेलाच नाही. जून गेला, जुलै गेला. टेम्पो ठाण्याच्या आवारात भिंतीला लागून उभा राहिला आणि कृणाल चुलतभावाच्या बर्फाच्या गाडीवर हमाली करू लागला.

वकिलांचं म्हणणं सरळ होतं. सप्टेंबरमधल्या तारखेला गुन्हा कबूल करायचा. पहिलाच गुन्हा आहे, कोर्ट दंडावर सोडेल, वर्षानुवर्षं खेटे घालण्यापेक्षा बरं.

"कबूल कर म्हणतात तर तू काय म्हणतोस?" निशाने विचारलं. निशा त्याची मोठी बहीण. अंधेरी पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या काउंटरवर ती बसते.

"काय म्हणू? कबूल केलं की मीच तिचा पाय मोडला असं होतं."

"तू ब्रेक दाबला होतास ना?"

"उभा राहिलो होतो त्याच्यावर."

"आणि गाडी धुवायचास ना?"

"धुवायचो." तो ताटातला भात एका बाजूला करत राहिला. "मे महिन्यात नाही. पाणीच कुठे येत होतं? टँकरच्या पाण्याने काय टेम्पो धुवायचा?"

"किती दिवस नाही धुतलास?"

"मोजले नाहीत गं. मोजायला हवे होते, आता कळतंय."

भाऊ कोर्टात कबूलच करेल, असं निशाला त्या रात्री वाटलं.

कृणालचा टेम्पो 'गरुडी' नावाच्या मॉडेलचा होता. दोन वर्षांपूर्वीच्या गुढीपाडव्याला कोळीवाड्यात एकाच दिवशी तीसेक गरुड्या आल्या होत्या. एकाच डीलरकडून, एकाच योजनेत, पुढे बेंजो पार्टी लावून. प्रत्येक गाडीच्या चाकाखाली नारळ फुटला होता. कंपनीच्या जाहिरातीत टेम्पोच्या हौद्यात मासळीच होती. चांदीसारखी चमकणारी, बर्फावर मांडलेली.

गाडीत मूळचाच दोष असेल तर मालकाला सरकारकडे तक्रार नोंदवता येते, हे निशाला इंटरनेटवर सापडलं. तिने गाडीचा क्रमांक, चासिस क्रमांक आणि निरीक्षकांचा अहवाल भरून तक्रार केली. काही दिवसांनी फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी आपलं नाव क्षमा सांगितलं. वाहनांमधल्या दोषांची चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेत त्या अधिकारी होत्या.

"तुमची तक्रार मिळाली. या मॉडेलच्या ब्रेक पाईपबद्दल आमच्याकडे ही एकच आहे," त्या म्हणाल्या. "एका गाडीवरून कंपनीला सगळ्या गाड्या परत बोलवा असं सांगता येत नाही. विकलेल्या गाड्यांच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी याव्या लागतात."

"आमच्याकडे एवढ्या गरुड्या आहेत, मॅडम. कोणाचं काही झालं असेल तर?"

"तर त्यांनी नोंदवायला हवं. मालकाने स्वतः."

निशा रविवारी घरोघर फिरली. कोणाचंच काही झालं नव्हतं. आमची गाडी व्यवस्थित आहे, आम्ही धुतो, असं प्रत्येकाने सांगितलं. एकदोघांनी 'धुतो' या शब्दावर जरा जोर दिला. शेवटी ती महादूकडे गेली. महादू टेम्पो चालक-मालक मंडळाचा अध्यक्ष. त्याची गरुडी दिवसातून दोनदा धुतली जाते हे सबंध वेसाव्याला माहीत होतं, कारण धुतलेलं पाणी बाजाराच्या रस्त्यावरूनच वाहायचं.

"सरकारकडे गेलीस?" महादू म्हणाला. "आता सरकार काय करील म्हाईत हाय? सगल्यांच्या गाड्यांची पासिंग अडवील. वाट लागंल सगल्यांची."

"काका, ब्रेक फुटतात म्हणून सांगायचं नाही?"

"कोनाचे फुटले? एकाचे फुटले."

"तुझा कधीच गळला नाही?"

महादू खुर्चीतून उठला, अंगणातल्या नळाची तोटी उगाच घट्ट केली आणि परत बसला. "मी कंपनीशी बोलून घेतो. आपला मानूस हाय डीलरकडे. तू पोरी ह्याच्यात पडू नको."

महादू खरंच बोलला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डीलरचा सर्व्हिस मॅनेजर निहार दोन मेकॅनिक आणि खोकीभर नवे पाईप घेऊन समाजमंदिराच्या मैदानात हजर झाला. मंडपावर 'पावसाळी मोफत तपासणी' असा फलक होता. गरुड्या रांगेत उभ्या राहिल्या. मेकॅनिक गाडीखाली शिरायचा, मागचा ब्रेक पाईप काढायचा, काळ्या वेष्टनाचा नवा बसवायचा. काढलेला पाईप पोत्यात जायचा. मालक एका छापील कागदावर सही करायचा.

मैदानात मग एक गंमत झाली. पहिल्या गाडीखालून निघालेला पाईप कंपनीचा नव्हताच. तांब्याचा होता, यारी रोडच्या गॅरेजमध्ये बसवलेला. तिसऱ्या गाडीचाही तसाच. सहाव्या गाडीचा पाईप रबराच्या नळीने मध्येच सांधलेला होता. मालक एकमेकांकडे बघू लागले.

"तुझा कवा गेला रं?"

"गेल्या साली. गळत होता म्हणून बदलला. तुझा?"

"होळीला. बोललो नाय कोनाला. बायको म्हनाली असती, धुवायला आळस करतोस."

महादूच्या गाडीखालूनही तांब्याचा पाईप निघाला. कोणीतरी शिट्टी वाजवली. महादू आधी गोरामोरा झाला, मग सगळ्यांबरोबर हसला. वर्षभर प्रत्येकाने आपला गंज आपलीच लाज समजून झाकून ठेवला होता. आता तो सगळ्यांचाच निघाला, वर कंपनीने फुकट बदलून दिला, म्हणून लाजेचं कारण उरलं नाही. दुपारी मंडपात निहारला शाल, श्रीफळ आणि जिताडा माशांची एक भली मोठी जोडी देण्यात आली.

निशा संध्याकाळी कामावरून आली तेव्हा मैदानात तेलाचे डाग होते आणि पोतं गेलं होतं.

"सगळे जुने पाईप देऊन टाकलेत?" तिने महादूला विचारलं.

"ठेवून काय लोणचं घालायचं? झकास काम झालं. आता कोनाचाच ब्रेक फेल व्हनार नाय."

"आणि कृणालचं काय?"

"त्याची गाडी असती तर त्यालाही बदलून दिला असता," महादू म्हणाला. तो हे मनापासून म्हणत होता.

पौर्णिमेच्या सकाळी बाजाराच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. मध्यभागी शाल पांघरलेला निहार, त्याच्या वर महादू हात जोडून, आणि चहूबाजूंनी सगळ्या मालकांचे गोल फोटो. मजकूर महादूने स्वतः सांगितला होता. 'गरुडी टेम्पोचे गंजलेले व धोकादायक ब्रेक पाईप तातडीने मोफत बदलून देऊन आमचे प्राण वाचवल्याबद्दल कंपनीचे जाहीर आभार.' प्रत्येक फोटोखाली नावाऐवजी टेम्पोचा क्रमांक होता. वेसाव्यात एकाच नावाचे पुष्कळ निघतात, क्रमांकावरून ओळख पटकन पटते, असं त्यामागचं कारण होतं.

निशा नाक्यावर थांबली. तिने फ्लेक्स दोनदा वाचला, मग फोनमध्ये फोटो घेतला, क्रमांक नीट वाचता येतील असे आणखी चार घेतले आणि रिक्षात बसल्याबसल्या ते तक्रारीला जोडले.

क्षमांचा फोन त्याच आठवड्यात आला. "हा फलक कोणी लावला?"

"टेम्पो मंडळाने. खुशीने."

"हे पाईप बदलल्याचं कंपनीने आम्हाला कळवलेलं नाही. मी विचारलं तर पावसाळी तपासणी केली, असं लेखी उत्तर आलं. पाईपचा उल्लेखच नाही." पुढे त्या म्हणाल्या, "फलक म्हणजे तक्रार नव्हे, हे लक्षात घ्या. पण आता मला त्यांना प्रश्न विचारता येतो. मी तिकडे येते आहे."

निहारलाही वरून फोन गेला असावा. दुपारी त्याने महादूला फ्लेक्स उतरवायला सांगितलं.

"साहेब, नाय जमनार," महादू म्हणाला. "तीस जनांचे फोटो हायत. गणपतीपर्यंत ऱ्हाईल असं बोललोय. आता काढला तर घरोघर भांडनं."

फ्लेक्स मग महापालिकेने काढला, नेहमीप्रमाणे, नारळी पौर्णिमेनंतरच्या मोहिमेत. क्षमा आल्या तेव्हा नाका मोकळा होता. त्यांना मूळ फलक बघायचा होता. महापालिकेच्या गाडीवरून उतरवून घेतलेले फ्लेक्स कुठे जातात हे कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक असतं. निशा त्यांना बाजारात घेऊन गेली. चार बांबूंना बांधलेला निहार उलटा लटकत होता आणि त्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सखुबाई बसली होती. शेजारी वॉकर होता. समोर सून कोळंबी विकत होती.

क्षमांनी खाली वाकून, मान तिरकी करून मजकूर वाचला. क्रमांक आपल्याकडच्या फोटोंशी ताडून पाहिले. सखुबाई त्यांच्याकडे बघत होती.

"काय वाचतंस बाय?"

"या सगळ्या गाड्यांचे ब्रेक पाईप गंजले होते, असं लिहिलंय."

"सगल्यांचे?" सखुबाईला वाचता येत नव्हतं. चार दिवस ती या फ्लेक्सखाली बसत होती. "महादूचापन?"

"हा वरचा फोटो त्यांचाच ना? त्यांचाही."

सखुबाईने वर पाहिलं. उलट्या बाजूने महादू हात जोडून उभा होता. "तो त दोनदा धुतो," ती म्हणाली.

महादूला बोलावून आणलं गेलं. क्षमांनी त्याला एकच विचारलं, तुमचा पाईप खराब झाला होता का. आजूबाजूच्या कोळणी कोयते थांबवून ऐकत होत्या. महादूने फ्लेक्सकडे पाहिलं, सखुबाईकडे पाहिलं.

"नाय म्हनून कसं चालंल?" तो म्हणाला. "फोटो माजाच हाय."

"मग तक्रार तुम्ही स्वतः नोंदवा. पासिंग त्यावरून अडत नाही."

"लेखी देताव?"

"नियमातच लिहिलेलं आहे. निशा तुम्हाला वाचून दाखवतील."

त्या संध्याकाळी निशाच्या घरी रांग लागली. एकेकजण ओटीपी वाचून दाखवत होता, चहा पीत होता, आणि आपला पाईप दुसऱ्यापेक्षा आधी फुटल्याचं सांगत होता.

जुने पाईप मात्र गेले होते. कंपनीने कळवलं की ते भंगारात दिले, ठेवायची पद्धत नाही. गरुडीचा मूळ पाईप, कंपनीतून आला तसा, सबंध कोळीवाड्यात एकाच गाडीखाली उरला होता. ती गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती, कारण तिच्या मालकाने ती सोडवून आणली नव्हती.

गणपतीच्या आधी दोन दिवस पाहणी झाली. क्षमा, त्यांच्याबरोबरचा तंत्रज्ञ, कंपनीतर्फे निहार, ठाण्याचा हवालदार, निशा आणि कृणाल. टेम्पोच्या हौद्यात पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलं होतं. मांजर व्यायली होती, तिला आधी हलवावं लागलं.

"तीन महिने पावसात उभी आहे मॅडम," निहार म्हणाला. "यात गंज दिसणारच. आणि हे लोक वर बर्फ आणि खारं पाणी घेऊन फिरतात. त्याला कंपनी काय करणार?"

"पाईप अपघाताच्या दुसऱ्या दिवशी फुटलेलाच होता, आरटीओचा अहवाल आहे," क्षमा म्हणाल्या. "आणि बर्फाचं म्हणाल, तर तुमची जाहिरात मी पाहिली आहे."

निहारने पुढे वाद घातला नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वरून जेवढं सांगितलं होतं तेवढं बोलून झालं होतं.

तंत्रज्ञ गाडीखाली गेला. पाईप चासिसला जिथे जिथे धरून ठेवलेला असतो तिथे पत्र्याच्या क्लिपा होत्या. बाहेर दिसणारा पाईप वरवर तांबूस झाला होता, पण शाबूत होता. तंत्रज्ञाने एकेक क्लिप उघडली. दोन ठिकाणी क्लिपेखाली पाईप खवल्यासारखा सोलला गेला होता आणि मागच्या वळणावर, जिथून तो फुटला होता, तिथे धातू जवळजवळ उरलाच नव्हता. क्षमांनी टॉर्च धरला आणि बराच वेळ बघितलं. क्लिपेच्या कडेने पाईपवरचा लेप नेमका एका रेषेत खरवडलेला होता. तिन्ही ठिकाणी तीच रेष, तेवढीच.

"ही क्लिप बसवतानाच लेप निघालेला आहे," त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या. "फोटो घ्या. तिन्ही घ्या."

कृणाल इतका वेळ मागे उभा होता. तो पुढे आला. "मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"मे महिन्यात मी गाडी धुतली नव्हती. रोज धुतली असती तर हा राहिला असता का?"

निहारने वर पाहिलं. निशाने डोळे मिटले. हा प्रश्न त्याने विचारू नये असं तिला वाटत होतं, निदान या माणसांसमोर तरी.

क्षमांनी क्लिप हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि पाईपवर परत बसवून पाहिली. ती घट्ट बसली. "खालून पाणी मारलं तरी इथे आत पोचत नाही," त्या म्हणाल्या. "खारं पाणी मात्र वरून झिरपून आत राहतं. धुतली असती तर बाहेरून चकचकीत दिसली असती. आत हेच झालं असतं."

"म्हणजे फुटलाच असता."

"फुटलाच असता. मी तसं लिहिणार आहे."

कृणालने मान हलवली. मग तो ड्रायव्हरच्या बाजूने गेला, दार उघडून आत बसला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल तळाला जाऊन टेकलं.

"आता त्यात तेल नाही," क्षमा म्हणाल्या. "आता ते खाली जाणारच. यावरून काही सिद्ध होत नाही."

"माहीत आहे मॅडम," तो म्हणाला. त्याने आणखी एकदा दाबून पाहिलं आणि उतरला.

सप्टेंबरच्या मध्यावर कंपनीने जाहीर केलं की ग्राहकांच्या सुरक्षेला असलेलं प्राधान्य लक्षात घेऊन ती दोन वर्षांत विकलेल्या सगळ्या गरुडी टेम्पोंचे मागचे ब्रेक पाईप आणि क्लिपा स्वेच्छेने बदलून देणार आहे. 'स्वेच्छेने' हा शब्द निवेदनात तीन वेळा होता. चौकशीचा उल्लेख नव्हता. परत बोलावलेल्या गाड्यांच्या सरकारी यादीत निशाने कृणालचा चासिस क्रमांक टाकून पाहिला. तो होता. तिने त्या नोंदीची आणि क्षमांच्या अहवालाची प्रत वकिलांकडे दिली. वकिलांनी चष्मा लावून वाचलं आणि पुन्हा सांगितलं की यात वेळ जाईल, कंपनी काही सहजासहजी कोर्टात उभी राहणार नाही, कबूल करून मोकळं होणं अजूनही सोपं आहे.

तारखेला अंधेरीच्या कोर्टात कृणालचं नाव दुपारी पुकारलं गेलं. मागच्या बाकावर निशा होती. तिच्या शेजारी, वॉकर पुढ्यात घेऊन, सखुबाई बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. सुनेबरोबर रिक्षाने ती आपण होऊन आली होती आणि आल्यापासून कृणालशी एक शब्दही बोलली नव्हती.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"नाही," कृणाल म्हणाला.

कारकुनाने ते लिहून घेतलं. पुढची तारीख जानेवारीतली मिळाली.

बाहेर व्हरांड्यात सखुबाईने वॉकर टेकवला आणि जिन्याकडे पाहिलं. "रं कृणाल," ती म्हणाली, "उतरव मना खाली."